थेऊरचा ताप, रक्तातली पुडी

नाशिकमधून गंगापूर रस्त्याने पश्चिमेला निघाले की आधी आनंदवल्ली लागते आणि मग गंगापूर. आज हा सगळा भाग शहराच्याच पोटात गेला आहे. दोन्ही बाजूंना सोसायट्या, दवाखाने, तपासणीच्या प्रयोगशाळांच्या पाट्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र गोदाकाठच्या या दोन वस्त्या पेशवे घराण्यातल्या रुसलेल्या माणसांच्या होत्या. आनंदवल्लीला राघोबादादा येऊन राहत आणि गंगापूरला गोपिकाबाई. थोरल्या माधवरावांचे कारभारावरून आईशी पटेना, तेव्हा गोपिकाबाईंनी पुणे सोडले आणि त्या गंगापूरला येऊन राहिल्या. आई-मुलाची पत्रे मात्र चालू राहिली.

१७७०मध्ये माधवराव हैदरवरच्या मोहिमेला निघाले आणि आजारी पडून वाटेतूनच मागे फिरले. पुढची मोहीम त्र्यंबकराव पेठ्यांनी चालवली. मग दोन वर्षे ताप, कृशता, थोडा उतार आणि पुन्हा ताप असे चालले. शेवटी ते थेऊरला चिंतामणीच्या आश्रयाला गेले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, वारले. त्या काळच्या वैद्यांनी रोगाला राजयक्ष्मा म्हटले. पुढच्या काही लेखकांनी आतड्याचा क्षय म्हटले. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासात माधवरावांचा अकाली मृत्यू मराठी राज्याला पानिपताइतकाच घातक ठरल्याचे मत मांडले, आणि ते मत तेव्हापासून आपल्या शाळेच्या पुस्तकांपर्यंत झिरपत आले आहे. गोपिकाबाई १७८८पर्यंत जगल्या. विश्वासराव पानिपतावर, माधवराव थेऊरला आणि नारायणराव शनिवारवाड्यात असे तिन्ही मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले.

मला या गोष्टीत राजकारणापेक्षा दुसराच प्रश्न बरीच वर्षे छळतो आहे. वैद्यांना नेमके केव्हा कळले असेल? पहिल्या तापात की शेवटच्या हिवाळ्यात? आणि गंगापूरला जे पत्र गेले असेल, त्यात ‘ताप आहे’ एवढेच लिहिलेले असेल की ‘तोच ताप आहे’ असे? क्षयाचा इतिहास औषधांचा म्हणून सांगितला जातो. पण औषध यायच्या आधी दोन-अडीच हजार वर्षे आणि ते आल्यानंतरची पाऊणशे वर्षे, माणसे मुख्यतः ओळखण्यातल्या उशिराने मेली आहेत. हा लेख त्या ओळखण्याचा आहे. त्याचे अगदी अलीकडचे टोक रक्तात तरंगणाऱ्या, जंतूहूनही कितीतरी लहान अशा पुड्यांपाशी पोचले आहे. त्यांना एक्सोसोम म्हणतात. तिथवर जायला जरा वळणाने जावे लागेल.

माधवरावांच्या वैद्यांकडे काहीच नव्हते असे समजण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात राजयक्ष्म्याला स्वतंत्र अध्याय आहे. दक्षाच्या मुलींपैकी एकट्या रोहिणीवर जीव टाकणाऱ्या चंद्राला सासऱ्याच्या कोपाने हा रोग जडला आणि अश्विनीकुमारांनी तो बरा केला, अशी कथा त्यात येते. पहिला रोगी चंद्र, म्हणजे राजा, म्हणून राजयक्ष्मा. कथा बाजूला ठेवली तरी त्यामागचे निरीक्षण पक्के आहे. लक्षणांचे तीन, सहा आणि अकरा असे गट केलेले आहेत. खांदे-बरगड्यांत वेदना, हातापायांची आग आणि सर्वांगात ताप, ही तीन लक्षणे म्हणजे त्रिरूप. अकरा लक्षणे भरली की वैद्य काय समजायचे ते समजत. यातली मेख अशी की लक्षणांची यादी जितकी भरत जाई तितके निदान पक्के होई आणि रोगी तितका हातचा जाई. खात्री आणि आशा एकमेकींच्या उलट दिशेने चालत.

१७६१ हे साल मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. त्याच वर्षी सोळा वर्षांच्या माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि त्याच वर्षी व्हिएन्नात लिओपोल्ड आउएनब्रुगर नावाच्या डॉक्टराने एक छोटे लॅटिन पुस्तक काढले. हा खानावळवाल्याचा मुलगा. पिंपात दारू कुठवर आहे ते बाहेरून बोटांनी ठोकून ओळखतात, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले. तीच युक्ती त्याने छातीवर केली. निरोगी फुप्फुस पोकळ वाजते, पाणी भरलेले किंवा घट्ट झालेले बद्द वाजते. त्याच्या हयातीत त्याकडे फार कोणी लक्ष दिले नाही. पुढे १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेकने कागदाची सुरळी छातीला लावून आतला आवाज ऐकला आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. लाएनेक स्वतः १८२६ साली क्षयानेच गेला. ठोकणे आणि ऐकणे यांमुळे बाहेरच्या खुणांवरून आतल्या जागेकडे जाता आले, पण आत जे घडते आहे ते कशामुळे, हे अजून कोणालाच माहीत नव्हते.

ते २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये कळले. रॉबर्ट कॉखने शरीरशास्त्राच्या सभेत क्षयाचा जंतू दाखवला. श्रोत्यांत तरुण पॉल एर्लिख होता. जंतू रंगवण्याची कॉखची रीत किचकट होती. एर्लिखने लगेच स्वतःची रीत शोधायला घेतली. त्याने काचपट्ट्या वाळायला विझलेल्या शेगडीवर ठेवल्या होत्या. कोणीतरी नकळत शेगडी पेटवली आणि त्या उष्णतेने रंग जंतूत पक्का बसला, अशी गोष्ट सांगतात. पुढे झील आणि नील्सन यांनी सुधारलेली ती रीत आजही आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत वापरली जाते. काही वर्षांनी एर्लिखला स्वतःच्याच थुंकीत ते लाल दांडुके दिसले आणि तो हवापालटासाठी इजिप्तला गेला. सुदैवाने बरा होऊन परतला.

आनंदीबाई जोशी १८८३च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पोचल्या तेव्हा हा शोध जेमतेम वर्षाचा होता. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली, नोव्हेंबरात त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातली नेमणूक तशीच राहिली. काशीबाई कानिटकरांच्या चरित्रापासून आजवर आपण ही कहाणी निरनिराळ्या भावनेने वाचली आहे. मला त्यातली एक गोष्ट जाणवते. क्षयाचा जंतू डोळ्यांनी पाहता येतो, हे जगाला कळल्यानंतर वैद्यक शिकलेल्या पहिल्या मराठी स्त्रीला त्याच जंतूने नेले. एव्हाना ओळखणे शक्य झाले होते, पण ओळखून करायचे काय, याला उत्तर नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षे होती.

सूक्ष्मदर्शकाची एक अडचण तेव्हाही होती आणि आजही आहे. एक मिलिलिटर बेडक्यात पाच-दहा हजार जंतू असले तरच काचपट्टीवर एखादा दिसण्याची शक्यता. शिवाय बेडका हवा. लहान मुले तो गिळतात. पुष्कळ बायकांना खोल खोकून बेडका काढणे जमत नाही, आणि चारचौघांत तर नाहीच. गाठीचा, मणक्याचा, मेंदूच्या आवरणाचा, आतड्याचा क्षय असेल तर थुंकीत काहीच नसते. माधवरावांचा आतड्याचा क्षय होता हे खरे धरले, तर झील-नील्सनची काचपट्टी थेऊरला नेऊनही काही दिसले नसते.

कॉखला मग घाई झाली. १८९० साली त्याने ट्यूबरक्युलिन हे क्षयावरचे औषध सापडल्याचे सूचित केले आणि युरोपभरचे रोगी बर्लिनकडे धावले. शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉइल डॉक्टर होता. तोही बर्लिनला गेला आणि शंका घेऊन परतला. औषध फसले, माणसे दगावली. पण त्या फसलेल्या औषधातून एक तपासणी उरली. १९०८मध्ये मॉन्टूने ते कातडीत टोचून गाठ मोजण्याची पद्धत दिली, जी आपल्याकडे घरोघरी ‘मॉन्टू’ म्हणून माहीत आहे. तिचा दोष असा की शरीराची जंतूशी कधीतरी गाठ पडली होती एवढेच ती सांगते. ज्या देशात निम्मी माणसे कधी ना कधी जंतूच्या संपर्कात आलेली, तिथे ‘कधीतरी’चा उपयोग किती?

याच सुमारास एक्स-रे आला, म्हणजे आपला ‘छातीचा फोटो’, आणि सॅनिटोरियमही आली. डॉ. बिलिमोरियांनी १९१२ साली पाचगणीला बेल-एअर सुरू केले, मिरजेला वॉनलेसांचे आले. नाशिकजवळच्या देवळालीत तर हा शब्द इतका रुळला की हवापालटाला येणाऱ्या मुंबईकर पारशी-गुजराती कुटुंबांसाठी धर्मादाय निधीतून बांधलेल्या बिऱ्हाडांनाही सॅनिटोरियमच म्हणू लागले. त्यांतल्या कित्येकांचा क्षयाशी संबंध कोरड्या हवेपुरताच. देवळालीतला लॅम रोड नाशिककरांना ठाऊक आहे. योगायोग असा की क्षयजंतूच्या कवचातल्या एका शर्करायुक्त स्निग्ध रेणूचे लघुनावही ‘लॅम’च आहे, आणि या लेखाच्या शेवटी तो पुन्हा भेटणार आहे. रस्त्याशी त्याचा काही संबंध नाही, पण हे नाव पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आवरले नाही.

छातीच्या फोटोची एक मुंबईकर कथा प्रसिद्ध आहे. मोहम्मद अली जीनांच्या फुप्फुसांतला क्षय दाखवणारे फोटो त्यांचे डॉक्टर जाल पटेल यांनी बंद पाकिटात जपून ठेवले, असे कॉलिन्स आणि लापिएर यांनी १९७५च्या पुस्तकात लिहिले. ते पाकीट उघडले असते तर फाळणी टळली असती का, हा वाद मला वांझोटा वाटतो. फोटो सावली दाखवतो, सावली कशाची ते नेहमी सांगत नाही. जुना भरलेला व्रण आणि आजचा जिवंत रोग यांत तो सहज घोटाळा करतो, आणि माणूस औषधाने बरा होऊ लागला तरी सावली महिनोन्‌महिने तशीच बसून राहते. उपचार लागू पडतो आहे की नाही, हे त्यावरून वेळेत कळत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या काळातला एक अभ्यास माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा कणा आहे, आणि आपल्याकडच्या वाचकांना तो फारसा माहीत नाही. १९५६मध्ये मद्रासला क्षयोपचार केंद्र सुरू झाले. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनशेच्या आत रोगी घेतले, निम्म्यांना सॅनिटोरियममध्ये आणि निम्म्यांना त्यांच्याच दाटीवाटीच्या, अपुऱ्या अन्नाच्या घरी ठेवून तीच औषधे दिली. १९५९ साली निकाल आला. घरचेही जवळजवळ तितकेच बरे झाले होते. सॅनिटोरियमचे युग तिथे संपले. त्यानंतर बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतून देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन कर्नाटकच्या तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत गेले. शहाण्यांचा समज असा होता की खेड्यातला माणूस अडाणी, त्याला खोकल्याचे काही वाटत नाही, म्हणून त्याच्या दारात एक्स-रेची गाडी न्यायला हवी. या दोघांना उलटेच आढळले. ज्यांना क्षय होता त्यांच्यातल्या बहुतेकांना आपल्याला काहीतरी झाले आहे हे कळत होते, आणि निम्म्याहून अधिक जण आपण होऊन सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते. तिथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवले होते. १९६३ साली हे प्रसिद्ध झाले.

ती बाटली मला गोष्टीतल्या एखाद्या पात्रासारखी वाटते. रोगी चालत आला, रांगेत उभा राहिला, पण दवाखान्याला तो दिसला नाही. १९६२च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने प्राथमिक केंद्रात सूक्ष्मदर्शक ठेवायचे ठरवले, ते या अनुभवातूनच. पेठ, सुरगाणा किंवा इगतपुरीच्या पाड्यांवरून येणाऱ्या माणसाची वाट आजही फार वेगळी नाही. आधी गावातला डॉक्टर, मग एक इंजेक्शन, मग बाटली, मग दुसरा डॉक्टर आणि मग कधीतरी आशाताई थुंकीची डबी हातात देते. दिवाळी झाली की द्राक्षांच्या कामाला कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे उतरतात, आणि डबीचा निकाल येईतो माणूस दुसऱ्याच तालुक्यात असतो.

आता एक घरातली गोष्ट. माझा भाचा आठ वर्षांचा असताना, सन २००४च्या पावसाळ्यात, त्याला रोज संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला. वजन घटले. खोकला नव्हता, म्हणजे डबीत काही पडण्याचा प्रश्नच नव्हता. फोटो ‘तसा बरा’ होता. एका खासगी प्रयोगशाळेत रक्ताची तपासणी सांगितली. टीबीविरुद्धची प्रतिद्रव्ये मोजणारी, त्या काळात सर्रास चालणारी आणि आमच्या घराला महाग वाटलेली. निकाल आला, ‘नाही’. माझ्या बहिणीने देवापुढे साखर ठेवली. सात आठवड्यांनी पोराची मान ताठ झाली आणि तो बरळू लागला. पाठीतून काढलेल्या पाण्याने निदान झाले. मेंदूच्या आवरणाचा क्षय. तो वाचला, एका कानाने अधू झाला. त्या ‘नाही’चा कागद बहिणीने अजून जपून ठेवला आहे. का, ते मी कधी विचारले नाही.

पुढे कळले की आमचे नशीब वेगळे नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली या रक्तचाचण्यांचा सगळा पुरावा तपासला आणि त्या वापरू नका असे बजावले. एखाद्या चाचणीविरुद्ध इतका स्पष्ट सल्ला संघटनेने क्वचितच दिला असेल. जून २०१२मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. त्याच वर्षी मे महिन्यात क्षय हा नोंद बंधनकारक असलेला रोग ठरला, म्हणजे खासगी डॉक्टरांनीही रोगी कळवायचा. आणि त्याच वर्षाच्या आरंभी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडियांनी नोंदवलेल्या, कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाच्या चार रोग्यांच्या बातमीने देश हादरला होता. २०१२चा इतिहास कोणीतरी नीट लिहायला हवा.

प्रतिद्रव्ये का फसली? त्याचे कारण मॉन्टूसारखेच आहे. ती शरीराची आठवण मोजतात, आणि आठवणीला तारीख नसते. मग जंतूचे जनुकच शोधायचे, हा पुढचा मार्ग. २०१०च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने जीनएक्सपर्टला मान्यता दिली. दोन तासांत जंतू आहे का आणि तो रिफाम्पिसिनला जुमानतो का, ही दोन्ही उत्तरे. आपल्याला अभिमान वाटावा अशी पुढची पायरी गोव्यात पडली. वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र, वातानुकूलित खोली नसलेल्या केंद्रातही चालावे म्हणून बनवलेले. त्याला २०२०मध्ये जागतिक मान्यता मिळाली. पण इथेही दोन कुलपे उरलीच. बेडका लागतोच. आणि मेलेल्या जंतूचे जनुकही तपासणीत दिसते, म्हणून औषध चालू असताना रोग हटतो आहे का, हे या यंत्राला विचारून उपयोग नाही. त्यासाठी अजूनही काचपट्टी, नाहीतर जंतू वाढवण्याची कल्चर तपासणी. क्षयाचा जंतू दुप्पट व्हायला पंधरा-वीस तास घेतो, त्यामुळे घन माध्यमावरच्या कल्चरला सहा-आठ आठवडे लागतात.

इथे मेंढ्या येतात. १९८३ साली कॅनडातल्या मॉन्ट्रिअलच्या मॅगिल विद्यापीठात रोझ जॉन्स्टन मेंढीच्या रक्तातल्या कोवळ्या तांबड्या पेशी प्रौढ कशा होतात हे पाहत होत्या. लोह आत घेण्यासाठी कोवळ्या पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असते, ते प्रौढ पेशीत उरत नाही. ते जाते कुठे? पेशी ते आत ओढून घेते, बारीक बारीक पिशव्यांत भरते आणि त्या पिशव्या बाहेर टाकते, असे दिसले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये हार्डिंग आणि स्टाल यांना उंदराच्या पेशींत हेच आढळले. १९८७मध्ये जॉन्स्टनबाईंनी त्या पिशव्यांना एक्सोसोम हे नाव दिले. बहुतेकांनी तो पेशीचा केरकचरा मानला आणि दहाएक वर्षे विषय तसाच पडून राहिला. १९९६मध्ये ग्रासा रापोसो यांनी प्रतिकारपेशींतून निघणाऱ्या अशा पिशव्या इतर पेशींना इशारा देऊ शकतात हे दाखवले. २००७मध्ये स्वीडनमधून त्यांत आरएनएही असतो असे सिद्ध झाले. तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आले की जो केर समजला होता ती टपालाची पिशवी आहे.

मी त्यांना पुड्या म्हणतो, कारण वाण्याच्या पुडीसारखेच त्यांचे आहे. आत काय आहे ते दुकानात जे आहे त्यावरून ठरते. आकार तीस ते दीडशे नॅनोमीटर, म्हणजे दोन-चार मायक्रॉन लांबीच्या क्षयजंतूपुढे अगदीच चिमुकला. क्षयाचा जंतू फुप्फुसातल्या महाभक्षी पेशीने गिळलेला असतो आणि तिच्यातच दडून जगतो. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात संचिता भटनागर आणि जेफ्री शोरी यांनी २००७ साली दाखवले की अशा जंतूग्रस्त पेशीतून निघणाऱ्या पुड्यांत जंतूचाही माल असतो आणि तो प्रतिकारशक्तीला चेतवतो. चोर घरात लपला आहे, पण त्याच घरातून बाहेर जाणाऱ्या पुड्यांच्या कागदाला त्याचा वास लागतो आहे. २०१४मध्ये कोलोरॅडो राज्य विद्यापीठातल्या गटाला रोग्यांच्या रक्तातल्या एक्सोसोममध्ये क्षयजंतूच्या प्रथिनांचे तुकडे सापडले. २०२२मध्ये टुलेन विद्यापीठातल्या टोनी हू यांच्या गटाने मुलांच्या रक्तातल्या पुड्यांवर दोन खुणा शोधणारी चाचणी प्रसिद्ध केली. एक एलपीआरजी नावाचे प्रथिन, आणि दुसरा आपला लॅम. बेडका न देऊ शकणारी मुले हाच त्यांचा विषय होता. एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचे नमुनेही त्यात होते, आणि उपचारांनंतर ती खूण ओसरते का हेही त्यांनी पाहिले.

लॅम लघवीतही सापडतो आणि एचआयव्ही असलेल्या गंभीर रोग्यांसाठी ती लघवीची चाचणी २०१५पासून मान्य आहे. इतरांत तो इतका विरळ असतो की हाती लागत नाही. पुडीचा फायदा असा की तिच्यात माल एकवटलेला असतो आणि वेष्टनामुळे रक्तातल्या विकरांपासून वाचतो. शिवाय पुडी सोडणारी पेशी आत्ता जिवंत आणि आत्ता ग्रस्त आहे. जुना व्रण पुड्या बांधत नाही. म्हणून निदानापेक्षाही उपचारांवर लक्ष ठेवण्याच्या कामी ही खूण अधिक उपयोगाची ठरेल, असे मला वाटते. औषधाच्या दुसऱ्या महिन्यात पुड्यांतला जंतूचा माल घटला नाही, तर औषध लागू पडत नाही हे कल्चरच्या आधी कळू शकेल.

‘शकेल’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. एक्सोसोमवर आधारलेली कोणतीही क्षयचाचणी अजून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत नाही. रक्तातून या पुड्या वेगळ्या काढण्याची जुनी रीत म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने तासाहून अधिक काळ नळ्या फिरवायच्या. तसले यंत्र पेठच्या ग्रामीण रुग्णालयात कोण ठेवणार? दोन प्रयोगशाळांनी एकाच रक्तातून काढलेल्या पुड्या सारख्या निघतील याचीही खात्री नसते. या क्षेत्रातल्या लोकांनी तर ‘एक्सोसोम’ म्हणण्याआधी ती पुडी नेमकी कुठून निघाली ते सिद्ध करा, नाहीतर नुसते ‘पेशीबाह्य पिशव्या’ म्हणा, असा आग्रह धरला आहे. सुप्त क्षय असलेल्यांच्या पुड्यांतही जंतूचे तुकडे कोलोरॅडोच्या अभ्यासात आढळले होते. झोपलेला आणि जागा चोर यांत फरक करणारी खूण कोणती, यावर काम चालू आहे. आणि रक्ताच्या एका थेंबात क्षय ओळखण्याचे वचन या देशाने एकदा ऐकलेले आहे. २०१२ची बंदी ज्या चाचण्यांवर आली, त्यांच्या जाहिराती आणि आजच्या काही बातम्यांचे मथळे शेजारी ठेवले तर भाषेत फार अंतर दिसत नाही. पुराव्यात अंतर आहे. तो आठवण मोजण्याचा धंदा होता, हा जंतूचा माल मोजण्याचा प्रयत्न आहे. पण ते अंतर नाशिक, मालेगाव, तुमकूर इथल्या रक्तावर, इथल्या कुपोषणात, इथल्या सुप्त क्षयाच्या गर्दीत टिकते का, हे इथेच तपासावे लागेल. आरोग्यविज्ञानाचे विद्यापीठ १९९८पासून नाशिकलाच आहे. त्याला जोडलेल्या महाविद्यालयांतून दरवर्षी शेकड्यांनी प्रबंध लिहिले जातात. त्यांतले काही या कामी लागले तर बरे.

भाचा आता एकोणतीस वर्षांचा आहे, गंगापूर रस्त्यावरच राहतो. हा लेख लिहिताना त्याला पुड्यांची सगळी हकीकत सांगितली. त्याने चांगला कान माझ्याकडे करून शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मामा, तेव्हा ही तपासणी असती तर माझा आजार कळला असता?” मी म्हटले, “बहुतेक. पण मेंदूच्या आवरणाच्या क्षयात या पुड्या रक्तात किती येतात, त्यावर अजून फार थोडे काम झाले आहे.” तो म्हणाला, “म्हणजे आईला हेही विचारायला हवं की तो कागद ती कशासाठी ठेवते.” मग त्याने गाडी काढली आणि आम्ही आनंदवल्लीवरून बहिणीकडे गेलो.